एक बाजू जिवंत

"थांब. परत वाच. कोणती बाजू आधी?"

"ब बाजू, आबा. जी राखीव हाय ती आधी. इथं सरळ लिहिलंय."

"आन् अ?"

"अ चालूच ठेवायची. अ चालू असतानाच ब ला बाजूला व्हायचा हुकूम द्यायचा. मंग ब चं कार्ड ओढायचं, जुन्या आयसी काढायच्या, नव्या बसवायच्या, कार्ड परत आत. ब नीट चालायली का ते आठ दिवस बघायचं. मंगच अ ला हात."

"म्हंजे एक बाजू जिवंत ठेवूनच दुसरीला हात लावायचा." आबांनी मान हलवली. "हे मला ठाव हाय. पुढं वाच."

मी वाचत होते. मोठ्यानं, छाती काढून, समोर तीन परीक्षक बसल्यासारखं. त्याच महिन्यात सेलूला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता आणि तेव्हापासून मी एस्टीत तिकीट मागतानासुद्धा आवाजात चढउतार करायचे. नववीतली सुमंगला म्हटलं की अख्खं निंबगव्हाण ओळखत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आमचे वडील सटवाजी, म्हणजे आबा, गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होते. एक्स्चेंज म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली. बाहेर बाभळ, आत कणगीपेक्षा थोडं उंच लोखंडी कपाट, त्यात ओळीनं कार्डं आणि कार्डांवर लुकलुकणारे हिरवे दिवे. गावात बावन्न फोन होते. त्या बावन्न फोनांचा जीव त्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली आबांच्या कमरेच्या करगोट्याला.

आबा शिकलेले सातवी. पण ते जाड इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन खोलीत बसायचे, म्हणून लोकांना वाटायचं सटवाजीला इंग्रजी येतं. सरपंच माधवराव तर चारचौघांत म्हणायचे, "आमचा सटवाजी साहेबाच्या भाषेत यंत्राला बोलतो." आबा नुसते हसायचे. खरं असं होतं की काही इंग्रजी आलं की ते खोलीचं दार लोटून घ्यायचे आणि मला बोलवायचे. ते आम्हा दोघांचं गुपित होतं, आणि मला त्याचा लय अभिमान होता.

आधी आबा लाइनमन होते. वालूरच्या बाजूला वावटळीत खांबावरून पडले, मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. सहा महिने खाटेवर काढल्यावर खात्यानं त्यांना हे बसून करायचं काम दिलं. इंजिनीअर साहेब तेव्हाच बोलले होते, "सटवाजी, यंत्र नीट सांभाळलं तर इथंच राहाल. नाही तर माझ्याकडे खांबाशिवाय दुसरं काम नाही." आबा हे वाक्य दर दोन-चार दिवसांनी घरात म्हणून दाखवायचे. हसत म्हणायचे, पण म्हणताना हात मांडीवर जायचा.

यंत्राची डोकी दोन होती. अ आणि ब. एक काम करायचं, दुसरं जागं राहून तयार असायचं. एकाला काही झालं की दुसरं क्षणात सगळं अंगावर घ्यायचं आणि फोनवर बोलणाऱ्याला कळायचंही नाही. प्रत्येक डोक्यात चार आयसी. काळ्या, दोन्ही बाजूंना बारीक पाय, अगदी गोमेसारख्या. अंगावर चंदेरी चिकटपट्टी आणि तिच्यावर नंबर. यंत्रानं कसं वागायचं ती सगळी अक्कल त्या चार गोमांत भरलेली. जुनी अक्कल मधूनच परभणीची लाइन धरून ठेवायची आणि सोडायचीच नाही, म्हणून वरून नवी आली होती: आठ आयसी, आणि त्यांच्यासोबत तीन पानांचं इंग्रजी पत्रक.

"नऊ नंबर," मी वाचलं. "जुन्या आयसी फेकू नका. जपून ठेवा. नवीन चाललं न्हाई तर जुनंच परत घालावं लागंल."

"बरोबर. पुढं?"

तेवढ्यात बाहेरून माझ्या वर्गातल्या विमलानं हाक मारली. शाळेत जिल्ह्याच्या स्पर्धेची तालीम होती आणि गुरुजी माझ्यावाचून सुरू करणार नव्हते. मी तिसरं पान उलटून पाहिलं. वर दोन ओळी, खाली बारीक अक्षरात टिपा, खाली सही.

"झालं," मी म्हणाले. "पुढं सही हाय नुसती."

"पळ मंग," आबा म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी ब बाजू केली. मी तालमीहून परत आले तेव्हा ते घामानं भिजलेले आणि नव्या नवरदेवासारखे खूश होते. "एक फोन तुटला न्हाई, सुमे! माधवराव मानवतच्या अडत्याशी बोलायलते, त्यांना पत्ता न्हाई की मी त्यांच्या बोलण्याच्या खालून यंत्राचं डोकं बदललं!"

मग त्यांनी माझ्या आज्ज्याची तपकिरीची पितळी डबी काढली. आत कापूस घातला, ब च्या चार जुन्या आयसी त्यात निजवल्या आणि घरी आणून देवाच्या देवळीत ठेवल्या. एक्स्चेंजच्या खोलीत उंदीर होते. मायला म्हणाले, "चतुरा, हे जपून ठेव. पोरीच्या लग्नाचं सोनं समज."

आता आमच्याकडचा दसरा तुम्हाला माहीत असेल. घट बसायच्या आत घरातलं चिंधूक न् चिंधूक धुऊन निघतं. गोधड्या ओढ्यावर, भांडी अंगणात, भिंतींना पांढरी माती, कणगीसुद्धा रिकामी करून झटकायची. याला दसरा काढणं म्हणतात. घरातली एखादी वस्तू धुवायची राहिली तर आमची माय नऊ दिवस अन्नाला शिवणार नाही, अशी ती.

"सुमे, देवळीतलं सगळं काढ. देव चिंचेनं घास. आन् ती डबीबी घे."

"तिच्यात आबाच्या आयसी हायत."

"मंग? सोनं धूत न्हाईत का? देवाजवळ मळकं ठिवू का मी?"

मी देव घासले, डबी घासली, मग डबीतल्या चारी आयसी तळहातावर घेतल्या. चिकटपट्ट्या मळून काळ्या झाल्या होत्या, कडा सुटल्या होत्या. मी नखानं एक उचलली. खाली काय असेल म्हणता? काच! छोटी, गोल, डोळ्यासारखी. आणि काचेच्या आत सोन्याच्या केसासारख्या तारा आणि एक चमकता चौकोनी ठिपका. मी आयुष्यात इतकी सुंदर वस्तू पाहिली नव्हती. चारी पट्ट्या काढल्या. नंबर गेले तर घोटाळा होईल एवढी अक्कल मला होती, म्हणून मी प्रत्येकीच्या बुडाशी कुंकवाचे ठिपके दिले: एक, दोन, तीन, चार. मग ठिपके सांभाळून ओल्या फडक्यानं पुसल्या. आणि पायांत पाणी राहून गंज चढेल म्हणून त्यांना माळवदावर उन्हात ठेवलं.

एक दिवस नाही. घट बसल्यापासून रोज. सकाळी परात घेऊन माळवदावर चढायचे, चारी आयसी काचा वर करून ओळीनं मांडायचे, शाळेतून आले की उचलायचे. कावळा नेईल अशी भीती होती, तरी वर चाळणसुद्धा झाकायचे नाही, ऊन अडेल म्हणून. त्याऐवजी मायलाच घडीघडी वर जाऊन बघायला लावायचे. इतकी मी त्यांना जपत होते. ते आश्विनातलं ऊन. मिरची दोन दिवसांत कडकडीत वाळते त्यात.

खंडेनवमीला आबांनी पाटावर पक्कड, पेचकस, कानाला लावायचा तपासणीचा फोन आणि ती डबी मांडली. डबीच्या झाकणावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, हात जोडले. डबी उघडली नाही. मीही काही बोलले नाही. माझ्या मनात होतं की एखाद्या दिवशी ते स्वतः उघडतील आणि चकित होतील.

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. एस्ट्या नव्हत्या, शाळा बंद, देवगाव फाट्यावर टायर जळायलेत असं कुणीतरी सांगत आलं. आबा म्हणाले, "आज फोन कमी राहतील. बाजाराचे मोंढे बंद. आजच अ बाजू करून टाकू." ब वर नवी अक्कल घालून चांगले दहा-बारा दिवस झाले होते. एकदाही कुरकुर नव्हती.

मी स्टुलावर बसून पत्रक हातात धरलं होतं. आबांनी अ ला बाजूला व्हायचा हुकूम दिला. ब नं काम अंगावर घेतलं. त्यांनी रिसीव्हर कानाला लावून बघितला आणि माझ्या कानाला लावला. गुंऽऽ असा तो डायलचा आवाज.

"जिवंत?"

"जिवंत!"

त्यांनी अ चं कार्ड ओढलं, टेबलावर ठेवलं, पेचकसाच्या टोकानं एकेक आयसी उचकटायला लागले. तिसरीला बोट घसरलं. टिक्. तिचा एक पाय तुटून कार्डातच राहिला.

"अरारा," मी म्हणाले.

"असू दे. तिची बहीण घरी हाय डबीत." आबांनी पाय चिमट्यानं काढला. नव्या चार बसवल्या. वीसेक मिनिटं गेली असतील. त्यांनी कार्ड उचललं, आणि तेव्हा मला कपाटाकडं बघून काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दिवे होते, पण लुकलुकत नव्हते. भिंतीवरच्या पालीसारखे निश्चल.

आबांनी रिसीव्हर कानाला लावला. बराच वेळ तसाच धरला.

"आबा?"

"श्शू."

त्यांनी घाईघाईनं अ चं कार्ड आत सारलं. आता दोन्ही बाजूंना नवी अक्कल होती, पण एकही बाजू उठेना. पुढं इंजिनीअर साहेबांनी सांगितलं ते असं, की नव्या प्रोग्राममध्येच खोट होती. तो सारखा दुसऱ्या बाजूला विचारायचा, आहेस का, आहेस का. आणि जवळ कुणी नसलं की उत्तराची वाट बघत तसाच थिजायचा. आणि दोन्हीकडं नवाच असला तर दोघंही आधी दुसऱ्यानं बोलावं म्हणून गप्प. पण ते पुढं. त्या वेळी आम्हाला एवढंच दिसत होतं की बावन्न फोन मेले.

आबा घाबरले नाहीत. मी आजही सांगेन, बिलकुल घाबरले नाहीत. "फिकर न्हाई," म्हणाले. "जुनं घालू अ मधे. तीन इथं हायत. सुमे, पळ, डबी आण. तीन नंबरची पायजे."

मी पळाले. धापा टाकत आले आणि झाकण मीच उघडलं. "बगा आबा! चकाचक! आन् नंबरची काळजी करू नका, खाली कुंकवाचे ठिपके हायत. हे तीन ठिपके, ही तिसरी."

आबा त्या चार काचांकडं बघत राहिले.

"पट्ट्या कुठं गेल्या?"

"मळल्या होत्या. दसरा काढताना काढल्या. रोज उन्हात वाळवल्या, गंज चढू नये म्हणून."

त्यांनी तिसरी उचलली, बाकी तिघींशेजारी बसवली, कार्ड आत सारलं. दिवे लागले. आणि थांबले. त्यांनी कार्ड काढलं, फुंकलं, परत सारलं. मग डबीतल्या चारी घालून पाहिल्या. परत काढल्या. 

"कागद वाच," ते म्हणाले. "पयल्यापासून. कायतरी ऱ्हायलंय."

मी वाचलं. एक, दोन, तीन. आवाज आता स्पर्धेतला नव्हता. नऊ नंबर झाला आणि मी तिसरं पान उलटलं. बारीक अक्षरातली पहिली टीप माझ्या डोळ्यांसमोर होती. शब्द सोपे होते. नववीच्या पोरीला सहज कळणारे. आयसीच्या काचेवरची चिकटपट्टी कधीही काढू नये. काचेतून ऊन गेल्यास आतलं सगळं पुसलं जातं आणि ते परत येत नाही.

बाहेर बाभळीवर होला घुमत होता.

"पुढं काय लिहिलंय?" आबांनी विचारलं.

"न्हाई काई," मी म्हणाले. "सही हाय नुसती."

तीन दिवस निंबगव्हाणचे फोन मेलेले राहिले. बंद लांबला, रस्ता सुटेना, आणि परभणीला कळवायचं तरी कशानं? आबांनी गावातल्या लिंबाजीला सायकलवर सेलूला पाठवलं. तोवर ते खोलीत बसून होते. रिसीव्हर कानाला लावून, डोळे मिटून. जेवायला बोलवायला गेले की म्हणायचे, "तू हो पुढं." मी पुढं व्हायचे आणि कोपऱ्यावरून वळून बघायचे. ते तसेच.

लोक यायचे. आधी काळजीनं, मग गमतीनं.

"काय सटवाजी, इंग्रजी इसरलं का यंत्र?" माधवराव दारातूनच. "जरा दटाव की साहेबाच्या भाषेत."

आबा हसायचे. आधीसारखंच, पण दात न दिसता.

म्हातारी तानुबाई तर एक्स्चेंजच्या ओट्यावर मुक्कामच ठोकून बसली. तिचा लेक सिताराम भिवंडीला मागावर होता. दर शुक्रवारी माधवरावांकडं फोन करायचा आणि ती तास-तास आधी जाऊन बसायची.

"सटवाजी, किती येळ रं? माझं लेकरू तिकडं हालो हालो करत आसंल."

"व्हईल काकी."

"व्हईल व्हईल करून तीन भाकऱ्या सुकल्या माझ्या इथं. तुझा पाय आन् तुझं यंत्र, दोन्ही सारखेच. उठल्यावर खरं."

चौथ्या दिवशी सिताराम स्वतःच दारात उभा राहिला. फोन लागेना म्हणून त्याला वाटलं आई गेली. मिळेल त्या ट्रकनं, दोन ठिकाणी चालत आला होता. तानुबाई त्याला धरून रडली, मग हसली, आणि संध्याकाळी आबांना पुरणपोळी घेऊन आली. "तुझं यंत्र मेलं म्हणून माझं लेकरू घरला आलं रं बाबा. असंच अधूनमधून मारत जाय." त्या चार दिवसांत आमच्या दारात कुणी चांगलं बोललं असेल तर ती एकटी.

त्याच दिवशी सकाळी इंजिनीअर साहेब जीपनं आले होते. त्यांच्याजवळ दुसऱ्या गावच्या एक्स्चेंजमधल्या जुन्या आयसी होत्या. पंधरा मिनिटांत दिवे लुकलुकायला लागले. पंधरा मिनिटं! बाहेर जमलेल्यांतून कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. साहेब चांगल्या स्वभावाचे होते, तेही म्हणाले, "सटवाजी, नवा प्रोग्रामच गडबड आहे. चार ठिकाणी असंच झालं. पण बाकीच्यांनी लगेच जुनं घातलं आणि सुरू केलं. तुमचं जुनं कुठं आहे?"

आबांनी डबी दिली. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.

साहेबांनी झाकण उघडलं. एक आयसी उचलून उजेडाकडं धरली, मग पटकन मुठीत झाकली, जणू अजून काही वाचवता येईल. मग मूठ उघडली.

"चिकटपट्ट्या कुणी काढल्या?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पाचशे लोकांसमोर न अडखळता बोलणारी मी. त्या खोलीत तीन माणसं होती.

"म्या," आबा म्हणाले.

"तुम्ही?"

"मळल्या होत्या सायब. दसऱ्याला धुतल्या. उन्हात ठिवल्या."

"अहो, ऊन लागलं की सगळं पुसलं जातं यातलं! कोऱ्या झाल्या या." साहेबांनी टेबलावरचं पत्रक उचललं, तिसरं पान काढलं, बोट ठेवलं. "ही काय, पहिलीच टीप. तुम्ही वाचलं नाही?"

आबांनी त्या बोटाकडं बघितलं. ज्या ओळीवर ते होतं, त्या ओळीकडं. मग एकदा माझ्याकडं. रागानं नाही. एखाद्या वस्तूची जागा पक्की ध्यानात ठेवावी, तसं. आणि मग साहेबांकडं वळून ते मोठ्यानं म्हणाले, दाराबाहेरच्या माधवरावांना आणि सगळ्यांनाच ऐकू जाईल असं:

"मला इंग्रजी येत न्हाई सायब. कवाच येत नव्हतं."

बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं.

"कुणाकडून वाचून घ्यायचं!"

"घरात कोण हाय वाचणारं," आबा म्हणाले. "पोरगी हाय, ती ल्हान हाय अजून. सुमे, सायबाला चहा दे."

मी चहा दिला. बशीत सांडला.

दिवाळीनंतर कागद आला. तो आबांनी मला वाचायला दिला नाही. माधवरावांकडून वाचून घेतला, त्यांच्या ओट्यावर, चार माणसांत बसून. मला ते नंतर विमलाकडून कळलं. एक्स्चेंजचा जिम्मा दुसऱ्याकडं, सटवाजी परत लाइनवर, देवगाव फाट्याला. किल्ली करगोट्यातून सोडायला त्यांना वेळ लागला. सुताची गाठ जुनी होऊन आवळली होती. शेवटी मायनं विळीवर कापून दिली.

त्या हिवाळ्यात जिल्ह्याची स्पर्धा झाली. मी गेले नाही. गुरुजी घरी आले, रागावले, मायनं त्यांना सांगितलं पोरीचा घसा बसलाय. आबा खाटेवर पडून ऐकत होते. मी शंभरदा ठरवलं होतं सांगायचं. आधी सकाळी सांगू म्हणायचे, मग ते सायकल घेऊन निघायचे. ते परत आल्यावर सांगू म्हणायचे, तर ते भिंतीला पाठ लावून मांडी दाबत बसलेले असायचे आणि तेव्हा सांगणं म्हणजे दुखऱ्या जागेवर आणखी एक मारणं वाटायचं. आणि खरं सांगू? मला भीती होती की ते म्हणतील, ठाव हाय मला.

एकदा शाळेच्या कामानं सेलूला जाताना एस्टीच्या खिडकीतून ते दिसले. फाट्याच्या अलीकडं, खांबावर अर्ध्यात. कमरेचा पट्टा खांबाला, चांगला पाय खाली रोवलेला आणि सळईचा पाय नुसता हवेत, वाऱ्यानं हलत. ते तारेला तपासणीचा फोन लावून कान देत होते. बस पुढं गेली तरी मला ते चित्र दिसतच राहिलं, की माणूस एकाच पायावर किती वेळ राहील.

उन्हाळ्यात सळई आत वाकली. सेलूच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो काढला, म्हणाले आता खांब बंद करा. आबांनी विचारलं, "आन् काय करू?" डॉक्टरांनी फोटो पाकिटात परत घातला. आबा जूनपासून परत खांबावर जाऊ लागले.

यंदाही दसरा काढला. मी दहावीत आहे. तरी सगळं मीच धुतलं. देवळीला मात्र मायनं मला हात लावू दिला नाही.

खंडेनवमीला आबांनी सुट्टी घेतली. पाटावर कमरेचा पट्टा मांडला, पक्कड मांडली, पेचकस मांडला. खाली बसताना त्यांनी दाराची चौकट धरली, मग माझा खांदा, मग जमीन. बसल्यावर थोडा वेळ नुसता श्वास घेतला. आणि मग देवळीतून ती तपकिरीची डबी काढून पाटाच्या मधोमध ठेवली.

मला वाटलं होतं ती कधीच गेली. साहेबांनी नेली, नाही तर आबांनी ओढ्यात टाकली.

त्यांनी झाकण उघडलं. आत कापूस नवा होता. चारी आयसी ओळीनं निजलेल्या. आणि प्रत्येकीच्या काचेवर चिकटपट्टी होती. चंदेरी नव्हती, कुठल्याशा डब्याच्या आतला कागद कातरून, खळीनं चिकटवलेला. कडा वाकड्या. वर निळ्या शाईनं आबांच्या अक्षरात, त्या सातवीच्या गोलसर, जड अक्षरात: १, २, ३, ४.

"हळद तू लाव," ते म्हणाले.

मी बोट बुडवलं. पहिलीला लावलं, दुसरीला लावलं. तिसरीपाशी माझा हात थांबला.

"आबा," मी म्हणाले. "त्या दिवशी कागदावर..."

"झाकून ठिव लवकर," आबा म्हणाले. "ऊन यायलंय आत."

खरंच आलं होतं. खिडकीच्या गजांतून सरकत सरकत पाटाच्या कडेपर्यंत. आबांनी दोन्ही हात जमिनीला टेकले, वाकड्या पायाला हातानं उचलून बाजूला घेतलं आणि कण्हत वीतभर सरकून बसले. त्यांची सावली डबीवर पडली.

मी तिसरीला हळद लावली, मग चौथीला.